उजव्या कानाचा दडा

सोमवारी सकाळी आंघोळ करताना त्याच्या उजव्या कानात पाणी गेलं आणि कानाला दडा बसला. त्यानं डोकं कलतं करून एका पायावर उड्या मारल्या, नाक चिमटीत धरून जोरात हवा फुंकली, तळहातानं कान दाबून सोडला. काहीच झालं नाही. मग त्यानं रोजच्यासारखी कापसाची काडी घेतली. कान साफ केल्याशिवाय कामावर जायचं नाही, ही त्याची वीस वर्षांची सवय होती. त्या दिवशी काडी जरा जास्तच आत गेली. आत काहीतरी सरकलं, आणि जो थोडाफार आवाज येत होता तोही बंद झाला.

"निघेल संध्याकाळपर्यंत पाणी," असं स्वतःलाच म्हणत त्यानं डबा उचलला. ते शब्द त्याला बाहेरून नव्हे, कवटीच्या आतून ऐकू आले.

तो टॉवर क्रेन चालवायचा. सात वाजता शिडीनं वर जायचा आणि संध्याकाळी खाली उतरायचा. सोबत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि आणखी एक रिकामी बाटली, जिच्याबद्दल कुणी विचारत नसे. साइटवर सगळे त्याला ढगोबा म्हणत. खाली उभं राहून त्याला वॉकीटॉकीवरून सूचना देणाऱ्या सोबत्याचं नाव भोंगा पडलं होतं, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. दोघांनी मिळून नऊ इमारती उभ्या केल्या होत्या. इमारतीच्या मागच्या बाजूला ढगोबाला वरून काही दिसत नसे. तिथं हुक कुठं आहे, माल किती उंचीवर आहे, खाली कोण उभं आहे, हे सगळं भोंग्याच्या आवाजावरून. "सोड" म्हटलं की खाली सोडायचं, "ओढ" म्हटलं की वर घ्यायचं, "बस" म्हटलं की थांबायचं.

केबिनमधला वॉकीटॉकीचा रेडिओ उजव्या हाताला टांगलेला होता. सोमवारी ढगोबा दिवसभर मान वळवून, डावा कान रेडिओकडे करून बसला. संध्याकाळी मान आखडली होती. पाणी निघालं नव्हतं.

मंगळवारी तो म्हणाला, "भोंग्या, रेडिओ खरखरतोय. बदलून दे."

भोंग्यानं बदलून दिला. बुधवारी ढगोबानं तोही बिघडला म्हणून सांगितलं. स्टोअरवाला म्हणाला, याला काय आता आकाशवाणीच आणून देऊ का? तरी तिसरा रेडिओ वर गेला. ढगोबानं त्याचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

लपवण्याचं कारण त्याच्या घरातलं होतं. त्याच्या आईला पन्नाशीच्या आत ऐकू येईनासं झालं होतं. सुरुवात एका कानापासून झाली, मग दुसरा गेला. शेवटची काही वर्षं ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत असे. ढगोबा आता सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याला वाटलं, आपली पाळी आली. बहिऱ्या माणसाला क्रेनवर कोण बसू देईल? आणि क्रेनशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी सळ्यांचा भारा मागच्या बाजूला सातव्या मजल्यावर उतरवायचा होता. भोंगा तिथं वरच उभा होता. रेडिओतून "सोड... सोड... हळू सोड" असं येत होतं. मध्येच काँक्रीट मिक्सर सुरू झाला. पुढचा शब्द ढगोबाला आला तो बोथट, टोक मोडल्यासारखा. त्याला तो "ओढ" वाटला. त्यानं दांडा मागे घेतला.

भारा वर उचलला गेला आणि त्याचं टोक इमारतीभोवतीच्या परांचीच्या नळीखाली अडकलं. ढगोबाला यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसला तो समोरच्या पडद्यावरचा वजनाचा आकडा. तो एकदम दुप्पट झाला. त्यानं हात काढून घेतला. पण तोवर परांचीची एक फळी सुटून दोन मजले खाली आदळली होती. सळ्या बांधणारे दोघं जण भिंतीला चिकटले म्हणून वाचले.

काम थांबलं. इंजिनीअरबाईंनी त्याला खाली बोलावलं.

तो नेहमीसारखाच उतरायला लागला. क्रेनच्या खांबाच्या आत लोखंडी पिंजऱ्यातून शिडी जाते. थोड्या थोड्या अंतरावर उभं राहायला जाळीचा टप्पा असतो. वरून चौथा टप्पा जवळ आला आणि त्यानं पाय कुठं ठेवायचा ते बघायला मान झटकन खाली केली. तेवढ्यानं सगळं जग उजवीकडे फिरायला लागलं. पिंजरा फिरला, शिडी फिरली, खालची माती कधी पायाखाली तर कधी खांद्याजवळ आली. त्यानं डोळे मिटले तर गरगरणं आणखी वाढलं. त्यानं शिडीच्या कांबीला मिठी मारली आणि गाल लोखंडावर टेकवला.

वर जाता येईना, खाली जाता येईना. कानात फक्त स्वतःचा श्वास आणि छातीतले ठोके. खालून कुणीतरी ओरडत असावं, पण शब्द लागत नव्हते. वीस वर्षं ज्या शिडीवरून तो शीळ घालत चढला-उतरला, तिच्यावर तो आता भिंतीवर पाल चिकटावी तसा चिकटून होता.

बऱ्याच वेळानं शिडी हलायला लागली. भोंगा चढून येत होता. धापा टाकत तो टप्प्यावर पोचला. आधी त्यानं ढगोबाच्या पट्ट्याचा हुक कांबीला अडकवला, मग त्याला कमरेला धरून जाळीवर बसवलं.

"काय होतंय?"

"काही नाही. सकाळी नीट खाल्लं नव्हतं."

भोंगा त्याच्या डाव्या बाजूला बसला होता. तो म्हणाला, "तीन रेडिओ मी स्वतः तपासले. एकही बिघडलेला नव्हता. आता खरं सांग."

ढगोबानं कांबीवरचा गाल काढला नाही. "उजव्या कानानं ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

भोंग्यानं स्वतःचाही हुक कांबीला अडकवला. मग तो हळू आवाजात बोलला. तो एवढ्या हळू बोलू शकतो हे ढगोबाला माहीत नव्हतं. "म्हणजे चार दिवस तू अंदाजानं माझ्या माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवत होतास. त्यातला एक माझा मेव्हणा आहे."

ढगोबानं कांब आणखी घट्ट धरली.

"खाली गेल्यावर तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतो."

उतरायला त्यांना पाऊण तास लागला. भोंगा एक पायरी खाली, त्याचा हात ढगोबाच्या टाचेवर. पाय कुठं ठेवायचा ते तो टाच ओढून दाखवत होता.

इंजिनीअरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत, याचीच ढगोबाला जास्त भीती वाटली. "डॉक्टरांचं लेखी आणल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडून केबिनची किल्ली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी कपाळावरचा दिवा लावला, त्याचा कान वर-मागे ओढला आणि आत बघितलं. मग दुसरा कान बघितला. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "कानात काय घालता?"

"काही नाही. फक्त साफ करतो. रोज."

"कशानं?"

"कापसाच्या काडीनं. कधी गाडीच्या किल्लीनं. पेनाचं टोपण."

बायकोनं कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मळानं उजवा कान पूर्ण बंद झालाय आणि डावा अर्धा. मळ म्हणजे घाण नाही, कानानंच केलेला लेप आहे तो. धूळ, किडे, पाणी अडवतो. त्याचं काम झालं की तो आपला आपण बाहेर सरकतो. तुम्ही जेवता, बोलता, जबडा हलतो, तसा तो येतो दाराशी. तुम्ही काय केलंत? दाराशी आलेल्याला रोज काडीनं परत आत लोटलंत. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात तसं. सोमवारी वरून पाणी गेलं, तो फुगला, आणि होती नव्हती ती फटही बुजली."

"पण मी तर वीस वर्षं रोज साफ करतोय."

"म्हणूनच."

त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्यानं विचारलं, "म्हणजे मी बहिरा होणार नाही? माझी आई झाली होती. आणि चक्कर?"

"चक्कर मळामुळे असू शकते, नसूही शकते. पडदा दिसल्याशिवाय मी सांगणार नाही. भिंतीपलीकडे काय आहे ते भिंतीला विचारून काय उपयोग?" मग त्यांनी कान कधी वाहिला होता का, पडद्याला भोक होतं का, कधी ऑपरेशन झालंय का, असं सगळं विचारलं. त्यानं नाही म्हणून सांगितलं. "मग हे थेंब पाच दिवस. पाचव्या दिवशी या, मळ काढू. कुशीवर झोपून घालायचे आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. मळ दगड झालाय. आज ओढला तर कातडी सोलून येईल. आणि एक लक्षात ठेवा, थेंबांनी तो आणखी फुगेल. बरं वाटण्याआधी जास्त वाईट वाटेल. घाबरायचं नाही आणि हात लावायचा नाही."

पहिल्या दिवशी थेंब आत पडले की बुडबुड असा आवाज यायचा, जसं कुणी कानाशी भात शिजत ठेवलाय. दुसऱ्या दिवशी डावा कानही बुजला.

आता तो पूर्ण आत अडकला. घास चावला की डोक्यात खडी फोडल्यासारखं व्हायचं. पाणी गिळलं की विहिरीत बादली पडावी तसा आवाज. स्वतः बोलला की आपण ओरडतोय का कुजबुजतोय ते कळायचं नाही. बायकोच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यावा लागे. आणि बाहेरचं काही नाही. नळ वाहत राहिला तरी पत्ता नाही. कुकरची शिट्टी झाली तरी त्याला फक्त वाफ दिसायची. चक्कर येऊ नये म्हणून तो भिंतीला धरून चालायचा आणि मान वळवायची झाली तर सगळं अंग वळवायचा. तीन खोल्यांचं घर त्याला क्रेनच्या केबिनपेक्षा लहान वाटायला लागलं. केबिनमध्ये निदान चारी बाजूंना काच होती.

तिसऱ्या दिवशी जेवताना चौदा वर्षांची मुलगी काहीतरी म्हणाली आणि बायको हसता हसता ठसकली. दोघी जणी हसत राहिल्या. ढगोबानं विचारलं, "काय झालं?"

मुलगी परत बोलली. त्याला कळलं नाही. "काय?" त्यानं पुन्हा विचारलं. बायकोनं हात हलवला. तिच्या ओठांवरून त्याला दोन शब्द नीट वाचता आले. काही नाही.

त्याचा हात ताटावर थांबला. हे दोन शब्द त्यानं आईला किती वेळा ऐकवले होते, त्याची गणती नव्हती. आई विचारायची, काय रे, काय झालं? आणि तो म्हणायचा, काही नाही, आई. परत सगळं सांगायचं, ओरडून सांगायचं, त्यात हसण्यातली मजा जाते, म्हणून. सात वर्षं. आईनं नंतर विचारणंच सोडलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, बरं झालं, तिला सवय झाली.

त्यानं जेवण अर्धं टाकलं आणि उठला.

चौथ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती, मुलगी वर्गात. आरशासमोर बायकोच्या केसांची पिन पडली होती. मळ आता मऊ झाला असणार, त्याला वाटलं. नुसता कडेनं उचलला तर निघेल. डॉक्टरांनी हात लावू नका म्हटलं होतं, पण डॉक्टरांना काय, त्या काही या डबक्यात बसलेल्या नव्हत्या. त्यानं पिन सरळ केली आणि उजव्या कानात घातली. आत मऊ काहीतरी लागलं. त्यानं श्वास रोखला.

त्याच वेळी मुलगी शाळेतून लवकर घरी आली. तिनं दार उघडलं, दप्तर आपटलं, "बाबा" म्हणून हाक मारली. त्याला काहीच कळलं नाही. तिनं मागून येऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

तो दचकला. कानात आग झाली. पिन बाहेर काढली तर तिच्या टोकाला रक्त होतं.

मुलगी पांढरीफटक पडली. तिला वाटलं, आपल्यामुळे झालं. ती रडत काहीतरी सांगत होती आणि त्याला एक शब्द ऐकू येत नव्हता. "तुझी चूक नाही," तो म्हणाला. बहुधा फार मोठ्यानं म्हणाला असावा, कारण ती आणखी रडायला लागली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी बघितलं. पडदा वाचला होता की नाही ते अजूनही सांगता येत नव्हतं. नळीची कातडी मात्र फाटली होती आणि सुजली होती. त्यांनी कागदावर लिहून त्याच्यासमोर धरलं. उद्या काढता येणार नाही. आधीचे थेंब बंद. हे औषध. सहा दिवसांनी या. खाली त्यांनी एक ओळ लिहून तिला दोनदा अधोरेखित केलं होतं. तुम्ही तुमच्या क्रेनवर कुणाला असं करू द्याल का?

बायको त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. आल्यावर तिनं घरातल्या सगळ्या पिना, काड्या, टोपणं गोळा करून एका डब्यात भरली आणि डबा शेजारणीकडे ठेवायला दिला.

आणखी सहा दिवस. ढगोबानं ते मोजायचं सोडून दिलं. भोंगा एकदा येऊन गेला. त्यानं आपल्या परीनं भरपूर आरडाओरडा केला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी भांडण आहे का ते बघायला आलं, पण ढगोबापर्यंत त्यातली नुसती गुणगुण पोचली. क्रेनवर दुसरा माणूस बसवला होता, तो काम बरं करत होता, एवढं भोंग्यानं हातवारे करून सांगितलं आणि मग ते सांगितल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

मुलीनं मात्र पिन लागली त्या संध्याकाळपासून एक जुनी वही घेतली. जेवताना ती डावीकडे बसायची आणि घरात जे बोललं जाईल ते लिहून वही त्याच्याकडे सरकवायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. "आई म्हणतेय भाजी छान झालीय. मला वाटतं मीठ जास्त आहे. आई म्हणतेय हे लिहू नकोस." त्यानं ते वाचलं आणि मीठ जास्तच आहे असं जाहीर केलं. बायकोनं वही काढून घेऊन त्यात स्वतः लिहिलं, "बापलेक एका माळेचे मणी."

तो हसला, आणि मग त्याला आईची खुर्ची आठवली. त्या घरात वह्या होत्या, पेनं होती, लिहिणारी तीन माणसं होती. एकाच्याही मनात आलं नव्हतं. हे तो बायकोला सांगायला गेला, पण मध्येच थांबला. मग त्यानंच वहीत लिहिलं आणि वही तिच्यापुढे ठेवली. तिनं वाचून बराच वेळ पान उलटलं नाही.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत मागे रेलवलं. बारीक नळीनं मळ ओढून घ्यायचा होता. ताजी जखम असल्यामुळे पाण्याची पिचकारी त्यांना वापरायची नव्हती. "आवाज फार मोठा येईल. डोकं हलवायचं नाही. गरगरलं तर हात वर करायचा," असं त्यांनी लिहून दाखवलं होतं.

नळी कानात शिरली आणि वादळात पत्रा फडफडावा तसा आवाज सुरू झाला. खुर्ची हळूहळू कलंडतेय असं वाटलं. त्यानं हात वर केला. त्या थांबल्या. परत सुरू केलं. तो पुन्हा हात वर करणार होता, तेवढ्यात कानाच्या तळाशी काहीतरी चिकटलेलं सुटलं. आणि खोलीत पंखा होता हे त्याला कळलं. तो प्रत्येक फेऱ्याला कुरकुरत होता.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरून दाखवलं. शेंगदाण्याएवढा काळपट गोळा होता, त्याला एका बाजूला कापसाचे तंतू चिकटलेले. "हा कापूस तुमचाच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. पहिल्या भेटीत त्या त्याच्यासाठी ओरडत होत्या, हे त्याला आत्ता समजलं.

डावा कान पाच मिनिटांत झाला. त्यानं बाही नुसती खाली ओढली तर कापडाची सळसळ ऐकू आली. त्यानं ती पुन्हा ओढली. डोळे भरून आले तेव्हा त्यानं मान वळवली, आणि मान वळवूनही काही फिरलं नाही, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पडदा शाबूत होता. मग बंद खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी झाली. डावा कान ठीक. उजव्यात बारीक आवाजांची थोडी घट होती, ती साइटवरच्या गोंगाटाची, आईसारखी नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ रेषेत चालवलं, झटकन झोपवलं, झटकन उठवलं, मान डावी-उजवी करवली. "आज तरी चक्कर नाही. पण एक आठवडा जमिनीवरच राहायचं. पुन्हा आली नाही तर मी लिहून देईन. आली तर आपण दुसरं कारण शोधू. काडी?"

"हात लावणार नाही."

"खाज सुटेल. सुटली की बाहेरून रुमाल लावायचा. वर्षातून एकदा येऊन दाखवायचं. गोंगाटात आवाज अडवणाऱ्या टोप्या कानांवर घालायच्या, त्या मात्र घालायच्या."

बाहेर आल्यावर बायको सवयीनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "काय म्हणाल्या?" बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली. "हळू बोल," तो म्हणाला, "बहिरा आहे का मी?" तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि मग त्याच दंडाला धरून ती रडली.

चक्कर पुन्हा आली नाही. आठवड्यानं त्याला लेखी मिळालं. इंजिनीअरबाईंनी ते दोनदा वाचलं आणि एक अट घातली: यापुढे रेडिओवर आलेला प्रत्येक शब्द त्यानं आधी परत म्हणायचा आणि मगच दांड्याला हात लावायचा. भोंगा कुरकुरला की यानं काम निम्म्यावर येईल. बाई म्हणाल्या, येऊ दे. ढगोबानं नंतर त्या दोघा सळ्या बांधणाऱ्यांची गाठ घेतली. एकानं "झालं ते झालं" म्हटलं. भोंग्याचा मेव्हणा मात्र उठून पाणी प्यायला गेला. ढगोबानं त्याला थांबवलं नाही.

मग तो शिडीपाशी गेला. पट्टा बांधला, हुक तपासला, आणि चढायला लागला. वाऱ्याचा आवाज येत होता, बुटाखाली कांब वाजत होती, खाली कुणीतरी हातोडीनं खिळा सरळ करत होतं. तो टप्प्यामागून टप्पा चढत गेला. वरून चौथा, तोच टप्पा आला तेव्हा पाय आपोआप थांबले. काही फिरत नव्हतं, गरगरत नव्हतं. तरी हात कांबीवरून सुटेनात. त्यानं हुक अडकवला आणि जाळीवर बसला.

कमरेला अडकवलेल्या रेडिओतून आवाज आला, "ढगोबा, काय झालं?"

त्याच्या तोंडाशी सवयीचं उत्तर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "भीती वाटतेय. जरा बसतो."

"बस," भोंगा म्हणाला. "घाई नाही. सिमेंटची गाडी अजून यायचीय."

तो दहा मिनिटं बसला आणि मग वर गेला. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं बसला. पुढे कित्येक आठवडे त्याला त्या टप्प्यावर थोडं तरी बसावंच लागे. खालची माणसं घड्याळाकडे बघत आणि काही बोलत नसत.